राजानंदच्या फोनची बॅटरी

केदारखेड्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर एखादी गाय अडली, वासरू आडवं आलं, की लोक डॉक्टरच्या आधी राजानंद साळवेला फोन करायचे. राजानंद डॉक्टर नव्हता. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तो परिचर होता. जनावर धरायचं, जखम धुवायची, डॉक्टरच्या हातात सुई द्यायची, हे त्याचं काम. पण बैल कितीही बिथरलेला असला तरी राजानंद त्याच्या मानेला खेटून उभा राहिला की तो हळूहळू फुसफुसणं बंद करायचा. नोकरी संपल्यावरही लोकांचे फोन थांबले नाहीत. तो फोन उचलायचा, "आलोच" म्हणायचा आणि गमछा खांद्यावर टाकून निघायचा.

फोनवर त्याचं बोलणं तेवढंच. बाकीचं बोलणं त्याच्या बायकोचं, दैवशालाचं. मुलगी आकांक्षा पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा तो राजानंदच्या फोनवर, कारण पहिल्या पगारातून तिने तोच फोन घेऊन दिला होता. पण तो आधी जायचा दैवशालाच्या हातात. मायलेकी भाजीपासून वॉर्डातल्या पेशंटपर्यंत सगळं बोलून घ्यायच्या आणि शेवटी फोन राजानंदकडे यायचा. "बरी हाईस ना?" तो विचारायचा. "हो पप्पा." "ठीक." झालं.

मागच्या वर्षी पोळ्यानंतर दैवशालाच्या पायांवर सूज आली. किडनीचं दुखणं निघालं. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही. राजानंदने सगळं बराबर केलं. कागदांवर सह्या केल्या, अँब्युलन्स ठरवली, पाहुण्यांना कळवलं, जलदान विधीला कोण कुठे बसणार तेही पाहिलं. डोळ्यांत पाणी म्हणून आलं नाही. बायाबापड्या त्याच्याकडे बघत होत्या, आता रडेल, मग रडेल. तो मांडवाच्या दोऱ्या ताणून बघत होता.

त्यानंतर आकांक्षाने त्याला पुण्याला नेलं. दोन मैत्रिणींबरोबर ती भाड्याच्या घरात राहते. राजानंद तिथे दिवसभर गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायचा. थोड्या दिवसांनी "घर उघडं पडलंय" असं म्हणून परत आला. घर काही उघडं पडलेलं नव्हतं, शेजारी अण्णासाहेब रोज झाडून घेत होते.

परत आल्यावर त्याचा दिवस कसा जायचा हे सांगण्यासारखं काही नाही. सकाळी उठायचा, चहा करायचा, बुद्धाच्या फोटोपुढची जागा पुसायचा. दैवशालाचं लुगडं दोरीवर तसंच होतं, ते घडी करून ठेवायला हवं असं त्याला रोज वाटायचं. वाटायचं म्हणजे आतून काही ढवळायचं असं नाही. ओट्यावरचं भांडं उचलायला हवं, तसं वाटायचं. दुपारी खाटेवर पडायचा. झोप लागायची नाही आणि जागही राहायची नाही.

संध्याकाळी आकांक्षाचा फोन यायचा.

"पप्पा, जेवलात का?"

"हो."

"काय केलं होतं?"

"भाकर."

"भाजी?"

"केल्ती."

मग दोघं गप्प. तिकडून तिचा श्वास ऐकू यायचा. आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, हे राजानंदला कळायचं. तो शोधायचा आणि काही सापडायचं नाही. विहिरीत बादली सोडावी आणि ती कोरडीच वर यावी तसं. "ठीक, ठेवतो," म्हणून तो ठेवायचा आणि मग बराच वेळ फोनकडे बघत बसायचा.

उन्हाळा लागला आणि फोन मध्येच बंद पडायला लागला. बॅटरी अर्धी दिसायची आणि बोलता बोलता पडदा काळा व्हायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आकांक्षा विचारत होती, "पप्पा, तुम्ही खरं खरं सांगा, तुम्हाला..." आणि फोन गेला. राजानंदने तो चार्जिंगला लावला. चालू व्हायला वेळ लागला. चालू झाला तेव्हा तिच्या ड्युटीची वेळ झालेली होती.

"पप्पा, बॅटरी गेलीय त्याची," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "मी नवीन फोन पाठवू का?"

"नको. हा चांगला हाय. बॅटरी टाकून घेतो."

"कुठे टाकणार?"

"बघतो."

तेव्हापासून तो बघत होता. आधी भोकरदनला गेला. बसस्टँडजवळ राधेश्यामचं मोबाईलचं दुकान आहे. राधेश्यामने फोन हातात घेतला, कडेने नख फिरवलं. पडदा एका बाजूने किंचित उचललेला होता, त्या फटीतून उजेड दिसत होता.

"काका, फुगलीय ही. वापरू नका. लगेच टाकून देतो, अर्धा घंटा बसा."

"कंपनीची हाय का?"

"कंपनीची न्हाई. पण चालती. ज्याचं जसं नशीब."

नशिबाचं नाव निघाल्यावर राजानंदला उठायला कारण मिळालं. "बघून सांगतो," तो म्हणाला आणि परतीच्या गाडीत बसला.

अण्णासाहेब म्हणाले, "राजाभाऊ, त्याच्याकडं नकोच. मी त्याच्याकडून टाकली तर दिवाळीपर्यंत बी टिकली न्हाई. तुम्ही सीधे जालन्याला कंपनीच्या सेंटरवर जा. खर्चा जास्ती येईल, पण माल बराबर." राजानंदने मान हलवली. मग तलाठी कार्यालयातल्या कुणीतरी सांगितलं की सेंटरवाले फोन ठेवून घेतात, आतलं सगळं पुसून टाकतात, त्यापेक्षा पोरीकडे कुरियरने पाठवा. राजानंदने त्यालाही मान हलवली. वाटेत कुणी विचारलं, "टाकली का बॅटरी?" तर तो म्हणायचा, "बघून राह्यलो. कुठं टाकावी त्याचं बघून राह्यलो."

आठवडे गेले. गावात जो तो त्याला पत्ता सांगायचा आणि तो ऐकून घ्यायचा. एका वस्तीवरच्या माणसाची म्हैस अडली तेव्हा तो फोन करून करून शेवटी मोटारसायकलवर आला. राजानंद गेला, कोपरापर्यंत हात घालून रेडकाचे पाय सरळ केले, म्हैस मोकळी झाली. म्हशीचा मालक आनंदाने चहा टाकायला सांगत होता. राजानंदने हात धुतले आणि म्हणाला, "पुढच्या बारीला डॉक्टरलाच बोलवा. माझा फोन लागत न्हाई." मालक म्हणाला, "मंग बॅटरी टाका ना, भाऊ." त्यालाही तो बघतो म्हणाला.

फोन मात्र तो शर्टाच्या वरच्या खिशात, तसाच फुगलेला, घेऊन हिंडायचा.

वैशाखात एकदा फोन बंद पडला तो राजानंदने चार्जिंगला लावलाच नाही. संध्याकाळ झाली, आकांक्षाच्या फोनची वेळ आली आणि गेली. फोन कपाटावर काळा पडलेला होता. राजानंद खाटेवर बसून होता. त्याला वाईट वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही. फक्त कुणी काही विचारत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही त्याने लावला नाही.

पुण्यात आकांक्षाची धांदल उडाली. अण्णासाहेबांना लावला तर ते लग्नाला परगावी गेलेले. मग तिने आत्याला लावला.

आत्या म्हणजे राजानंदची थोरली बहीण, चांगुणाबाई. ती शहागडला असते. हायवेच्या कडेला तिचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. चार बांबू, पत्रे आणि तीन बाकं. ट्रकवाले तिला मावशी म्हणतात. गुडघे गेलेत, पण कढईपुढून ती हलत नाही. त्या सकाळी मात्र तिने कढई पालथी घातली, शेजारच्या टायरवाल्याला "दुकानाकडं बघ" म्हणून सांगितलं आणि अंबडच्या गाडीत बसली. अंबडहून जालना, जालन्याहून भोकरदनची गाडी, आणि टळटळीत उन्हात केदारखेड्याच्या फाट्यावर उतरून पाय ओढत घर.

राजानंद ओसरीत बसला होता. समोर सुपात हरभरा होता, पण तो निवडत नव्हता.

"आक्का? तू कशी काय?"

"जिता हाईस का बघायला आले."

तिने उंबऱ्यात बूड टेकलं. राजानंदने पाण्याचा तांब्या आणला. तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि बराच वेळ नुसती दम खात बसली. मग म्हणाली, "पोरगी रडून राह्यली तिकडं. फोन कुठाय तुझा?"

"कपाटावर. बंद हाय. त्याची बॅटरी गेली."

"गेली त्याला लई दिस झाले. मला तव्हाच सांगितलं तिनं. टाकली काऊन न्हाई?"

"कुठं टाकावी ते बघून राह्यलो. भोकरदनला डुप्लिकेट हाय. जालन्याला म्हणतात ठेवून घेतात—"

"राजा." चांगुणाबाईने त्याला थांबवलं. "मला खरं सांग. बॅटरीनं बंद झाला का तू बंद ठेवला?"

राजानंद सुपातल्या हरभऱ्यावरून हात फिरवत राहिला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं काय ते त्यालाही आतापर्यंत नीट माहीत नव्हतं. विचारल्यावर ते समोर आलं.

"बॅटरीनंच झाला," तो म्हणाला. "पण झाला ते मला बरं पडलं. पोरगी रोज विचारती, कसं वाटून राह्यलं. मला काहीच वाटून न्हाई राह्यलं, आक्का. तिला काय सांगू? माय मेली अन् बापाला काहीच वाटत न्हाई, असं सांगू?"

चांगुणाबाईने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. तिचा नवरा हायवेवरच गेला होता, फार वर्षांपूर्वी, रस्ता ओलांडताना.

"तुझे दाजी गेले," ती म्हणाली, "तव्हा मी लोकं पांगल्याबरोबर हॉटेल उघडलं. भजे तळले. लोकं म्हणले, बाई हाय का दगड हाय. मी म्हणलं, असंल दगड. मला बी काही कळत नव्हतं. तेल तापलं का न्हाई तेवढं कळायचं."

"मंग कव्हा कळायला लागलं?"

"काय म्हाईत. ध्यानात न्हाई." तिने गुडघा दाबला. "मी तुला रड म्हणायला न्हाई आले. लोकाला फोन लागला पाहिजे, तेवढंच म्हणते. माझे गुडघे न्हाईत दर बारीला यायला."

तिने त्याच्याकडून फोन मागून घेतला, चार्जिंगला लावला आणि चालू झाल्यावर आकांक्षाला स्वतःच सांगितलं की तुझा बाप चांगला आहे, हरभरा निवडून राह्यला. राजानंदकडे तिने फोन दिला नाही. त्यानेही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं जालन्याला निघाली. चांगुणाबाईला तिथूनच पुढची गाडी होती. कंपनीचं सेंटर काचेचं होतं आणि आत थंडगार होतं. टोकन घेऊन दोघं लोखंडी खुर्च्यांवर बसली. नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने फोन उलटसुलट पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, "काका, मॉडेल जुनं आहे. बॅटरी मागवावी लागेल. आठ-दहा दिवस फोन इथेच ठेवावा लागेल. आतला डेटा जाऊ शकतो, त्यासाठी इथे सही करा."

तिने कागद आणि पेन पुढे सरकवला.

राजानंदने पेन हातात घेतला. आठ-दहा दिवस. कंपनीनेच ठेवून घेतलेला फोन. कुणी विचारलं तर सरळ सांगता येईल, जालन्याला टाकलाय. पोरगीही काही म्हणू शकणार नाही. खोटंही नाही, लपवणंही नाही. सहीच्या रेघेवर पेन टेकवून तो उभा राहिला. मागच्या माणसाने घसा खाकरला.

चांगुणाबाई खुर्चीवरून त्याच्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्याने बहुतेक सही केली असती.

"नको," राजानंद म्हणाला. "आठ दिवस नको."

"काका, ओरिजिनल बाहेर कुठे मिळणार नाही."

"बराबर हाय तुमचं. पण मला आजच पाहिजे."

बाहेर उन्हात आल्यावर त्याला जाणवलं की दैवशाला गेल्यापासून कुणी न सांगता आपण ठरवलेली ही पहिली गोष्ट. त्याचं त्याला काही विशेष वाटलं नाही. पण जाणवलं खरं.

सदर बाजारच्या एका गल्लीत लहानशा दुकानावर 'मोबाईल दुरुस्ती' अशी पाटी होती. आत तिशीतली एक बाई डोळ्याला भिंग लावून बसली होती. मागच्या भिंतीला मुलांच्या शाळेची दप्तरं टांगली होती. शेजारचा दुकानदार तिला पायलताई म्हणत होता.

"बॅटरी कंपनीची नाही," तिने फोन बघून आधीच सांगितलं. "माझ्याकडे जी आहे ती चांगली आहे, सहा महिन्यांची गॅरंटी लिहून देते. पण कंपनीइतकी टिकेल असं म्हणणार नाही. आणि एकदा उघडला की पाण्यात पडू द्यायचा नाही."

"दिसभर चालंल?"

"चालेल."

"टाका."

तिने फोनची कड गरम केली, पातळ पट्टी आत सारली आणि पडदा हळूच उचलला. राजानंद काउंटरवर वाकून बघत होता. फोनचा कोपरा सरकायला लागला तसा त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने दोन बोटांनी फोन दाबून धरला.

"काका, हात काढा. लागेल."

"हां हां." त्याने हात मागे घेतला. "जनावरं धरायची सवय हाय."

बॅटरी बाहेर आली. हिरवा चारा जास्त खाऊन वासराची कूस टम्म फुगते, तशी ती फुगली होती. पायलताईने ती वाळू भरलेल्या डब्यात ठेवली, हाताने नाही, चिमट्याने.

"ही कधीही पेटली असती. तुम्ही फोन कुठे ठेवायचात?"

राजानंदने शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं, छातीवर.

"उन्हातान्हात? अशीच फुगलेली?"

"हो."

"आणि कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

चांगुणाबाई मागे स्टुलावर बसली होती. ती उठली, राजानंदच्या बाहीला हात घातला आणि धरूनच राहिली. तिच्या हाताला कंप होता. राजानंदने त्या हाताकडे पाहिलं. तो फोन पेटला असता, हे त्याला तेव्हाही फारसं भिववून गेलं नाही. पण बहिणीचा हात कापतोय, हे त्याला दिसलं. आणि ते बघवेना. बऱ्याच महिन्यांत काही बघवेना असं झालं नव्हतं.

"आक्का, झालं ना आता," तो म्हणाला. "बस तू. मी च्या सांगतो."

तिने बाही सोडली नाही. चहा पायलताईनेच सांगितला.

दुपारी स्टँडवर चांगुणाबाईची अंबडची गाडी आधी लागली. राजानंदने तिला खिडकीची जागा धरून दिली. गाडी सुटताना ती म्हणाली, "फोन उचलत जा. बोल न्हाईतर नको बोलू." एवढंच.

संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला. राजानंदने पहिल्या रिंगलाच उचलला.

"पप्पा, आत्या म्हणाली नवीन बॅटरी टाकली."

"टाकली."

"चांगली आहे ना?"

"बरी हाय." मग तो थांबला. राजानंदने खाटेच्या काठावर हात घट्ट टेकला. "आकांक्षा, मला एक सांगायचंय. तू विचारती कसं वाटतं, मला सांगता येत न्हाई. बोलायला बी काही सुचत न्हाई. तुझी माय बोलायची, मी नुसता ऐकायचो. तुला वाटत असंल पप्पाला काही न्हाई त्याचं."

तिकडे भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"मला तसं नाही वाटत," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याशी बोलायला नको वाटतं तुम्हाला."

"तसं न्हाई."

"मग नका ना बोलू. फोन नुसता चालू ठेवा. मी आता स्वयंपाक करणार आहे. तुम्ही तिथेच ठेवून द्या, खाटेवर."

त्याने फोनचा स्पीकर लावला आणि उशीशेजारी ठेवला. तिकडे नळ सुटला, बंद झाला. सुरी पाटावर टकटक वाजायला लागली. तिची मैत्रीण अक्षता खोलीत आली, मिठाचा डबा कुठे म्हणून विचारलं, गेली. कढईत काहीतरी पडलं आणि चर्र झालं. राजानंद भिंतीला पाठ टेकून ऐकत बसला. मग कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळाने अजून एक.

"पप्पा, किती शिट्ट्या झाल्या? माझं लक्ष नव्हतं."

"दोन," तो म्हणाला. "डाळ हाय का?"

"डाळ."

"मंग आणखी एक होऊ दे."

या उन्हाळ्यापासून त्यांचं असंच चाललं आहे. काही दिवस दहा वाक्यं होतात, काही दिवस एकही नाही. राजानंद अजून रडलेला नाही. दैवशालाचं लुगडं दोरीवरून त्याने काढलं आणि आक्काकडे देऊन टाकलं, तेव्हाही नाही. वस्त्यांवरून फोन येतात ते तो उचलतो. मागच्या महिन्यात अण्णासाहेबांनी त्याला विचारलं, "राजाभाऊ, माझा बी फोन गरम होऊन राह्यला, बॅटरी कुठं टाकू?" राजानंदने सदर बाजारातली गल्ली सांगितली, आणि म्हणाला, "चला, उद्या मी येतो संगं."